पस्तीस हजारांत डेस्कटॉप जुळवायचा आहे, मदरबोर्ड कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ | शनि, ७ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

धाकटी लेक यंदा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाईल. पहिलं वर्ष तिने माझ्या जुन्या लॅपटॉपवर रेटलं. आता अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइलची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडला की लॅपटॉप अर्धा तास पंखा फिरवत बसतो आणि ती तोवर वहीत प्रोग्रॅम लिहिते. कॉलेजला घरूनच जाऊन-येऊन करते, त्यामुळे डेस्कटॉप चालेल. मॉनिटर घरात आहे, १९ इंची, जुना, फक्त व्हीजीएचा (जुन्या पद्धतीची केबल). कीबोर्ड-माउस आहेत. बाकी सगळं नवीन घ्यायचं, यूपीएससकट ३५ हजारांत.

कराडात दोन दुकानांतून कोटेशन आणलं.

पहिलं : आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, 'नवीन' मदरबोर्ड, कॅबिनेट. १६,५०० रुपये.

दुसरं : रायझेन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, १६ जीबीची एक रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), कॅबिनेट आणि त्यातलाच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). २७,८०० रुपये.

पहिल्याची किंमत इतकी कमी का, हे विचारलं तर "साहेब, बोर्डात फरक असतो" एवढंच उत्तर मिळालं. कोटेशनवर बोर्डापुढे 'एच६१' लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. दुसऱ्या दुकानातही एकाच प्रोसेसरला ५ हजारांचा बोर्ड होता आणि साडेनऊ हजारांचाही. दोन्हींवर तोच प्रोसेसर बसतो, मग वरचे साडेचार हजार कशाचे? मी शाळेत मराठी शिकवतो, या विषयात कोरा आहे. ही खरेदी चार-पाच वर्षांत पुन्हा होणार नाही, म्हणून समजून घेऊन करायची आहे.

---

लॅमिंग्टनकर | शनि, ७ जून, रात्री १०:०५

पहिलं कोटेशन बाजूला ठेवा. सविस्तर कुणीतरी लिहीलच.

---

सोल्डरगन | शनि, ७ जून, रात्री ११:२०

कृष्णाकाठ सर, मी पुण्यात बोर्ड-दुरुस्तीचं काम करतो. रोज टेबलावर जे येतं त्यावरून लिहितो.

एच६१ हा इंटेलचा २०११ सालचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप). त्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात. म्हणजे तुमच्या कोटेशनमधला 'आय-फाइव्ह' बहुधा २४०० किंवा ३४७० असणार, बारा-चौदा वर्षांपूर्वीचा, कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारात निघालेल्या मशीनमधून काढलेला. बोर्ड मात्र खरंच नवीन छापलेला असतो, कारण या जुन्या प्रोसेसरांना बसायला जागा हवी म्हणून ते अजून बनतात. रॅम जुन्या पिढीची, डीडीआर३, दोनच स्लॉट, १६ जीबीच्या पुढे मार्ग बंद. साटा (डिस्क जोडायची वाट) ३ गिगाबिटचंच, म्हणजे एसएसडीचा निम्मा वेग तिथेच गेला.

आणखी एक. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एच६१ वर अधिकृतपणे ते बसणारच नाही. लेकीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर येईल तेव्हा मशीनचे सुरक्षा-अपडेट थांबलेले असतील.

गावाकडच्या दुकानात टॅली आणि बिलिंगसाठी अशी मशीन कुणी घेतली तर मी अडवत नाही. विद्यार्थ्याला देऊ नका. 'आय-फाइव्ह' हे नाव २००९ पासून चालू आहे, त्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण आकडा विचारा, आणि बोर्डाचं पूर्ण नाव कोटेशनवर लिहून घ्या.

दुसऱ्या कोटेशनबद्दल उद्या लिहितो, त्यात बोलण्यासारखं बरंच आहे.

---

अवलिया७ | रवि, ८ जून, सकाळी ८:१५

सोल्डरगन यांना +१.

माझा अनुभव सांगतो. मागल्या वर्षी भावाच्या मुलासाठी आय५-१२४००एफ घेतला. दोन हजार स्वस्त मिळाला म्हणून आनंदात होतो. बोर्डावर एचडीएमआय होतं, व्हीजीए होतं. सगळं जोडलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, केबल बदलली, दोन दिवस गेले. शेवटी कळलं की नावातल्या 'एफ'चा अर्थ त्यात ग्राफिक्स नाही. बोर्डावरचं एचडीएमआय म्हणजे नुसती खिडकी. चित्र प्रोसेसरमधून येतं. वेगळं कार्ड नसेल तर ती खिडकी बंदच. बॉक्स उघडलेला म्हणून दुकानदाराने परत घेतला नाही. पुतण्याच्या परीक्षेआधीचे पंधरा दिवस वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

एएमडीत (रायझेन बनवणारी कंपनी) रायझेन ५ ५६०० ची तीच गत. '५६००जी'मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या '५६००'मध्ये नाही.

---

शून्यप्रहर | रवि, ८ जून, सकाळी ९:५०

मी अँड्रॉइडवरच काम करते, म्हणून रॅमबद्दल.

स्टुडिओ, एम्युलेटर (ॲप तपासायला संगणकातच चालणारा नकली फोन) आणि ब्राउझर एकत्र चालू असतील तर १६ जीबी जेमतेम पुरतात. त्यातून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःसाठी थोडी रॅम कापून घेतं. आज १६ घ्या, पण तिसऱ्या वर्षी ३२ लागतील हे धरून चाला. म्हणून सर, तुमच्यासाठी बोर्ड निवडताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे रॅमचे स्लॉट किती. दोन की चार.

दुसऱ्या कोटेशनमध्ये १६ ची एकच कांडी आहे. ५६००जीला हे चालणार नाही. म्हणजे चालेल, पण ग्राफिक्सचा जोर बराच कमी होईल. दोन कांड्या लावल्या की रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा (चॅनेल) वापरल्या जातात, आणि या प्रोसेसरच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने त्याचं सगळं बळ रॅमच्या वेगावर असतं. ८+८ घ्या.

आता अडचण बघा. दोन स्लॉटच्या बोर्डावर ८+८ लावलं की जागा संपली. पुढे वाढवायची तर दोन्ही काढून १६+१६ नव्याने घ्यावी लागणार. चार स्लॉट असतील तर आणखी ८+८ आणून लावली की झालं.

---

रातकिडा | रवि, ८ जून, दुपारी १२:३०

मी वेगळं मत मांडतो. एएम४ (५६००जी ज्यावर बसतो तो सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) आता घेऊच नये. तो सॉकेट २०१६ चा आहे, नवी पिढी त्यावर येणार नाही. एएम५ घ्या, एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्टचा शब्द दिलाय. ए६२० बोर्ड, रायझेन ५ ८५००जी, डीडीआर५. आज थोडं जास्त जाईल पण तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसेल. नाशकात मित्रासाठी मागच्याच महिन्यात हेच जुळवलं.

---

लॅमिंग्टनकर | रवि, ८ जून, दुपारी १:१०

किती गेले एकूण?

---

रातकिडा | रवि, ८ जून, दुपारी १:२५

मॉनिटर आणि यूपीएस सोडून ४१.

---

सोल्डरगन | रवि, ८ जून, संध्याकाळी ६:४५

रातकिडा, तुमचा मुद्दा ४५ हजारांच्या बजेटला अगदी बरोबर आहे. इथे यूपीएससकट ३५ आहेत. शिवाय ८५००जी ग्राफिक्स कार्डाला फक्त ४ लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) देतो. ही मुलगी उद्या मशीन लर्निंगकडे वळली आणि एनव्हिडियाचं कार्ड लावायची वेळ आली, तर तिथे अडणार. मग प्रोसेसरही बदला. एएम५ वर ७६०० घेणं जास्त शहाणपणाचं, पण ते आणखी महाग.

आता सरांचा मूळ प्रश्न. एकाच प्रोसेसरला ५ हजारांचा बोर्ड आणि साडेनऊ हजारांचा बोर्ड, फरक कुठे?

माझं सांगणं एकच : प्रोसेसर, रॅम, एसएसडी पुढेमागे बदलता येतात, वाढवता येतात. बोर्ड मात्र बदलायचा तर सगळं मशीन उघडून मोकळं करावं लागतं. म्हणून बोर्ड आजच्या कामावर निवडू नका, चार वर्षांनी त्यात काय खुपसायचं आहे त्यावर निवडा. आणि तेवढ्याचेच पैसे द्या. दिव्यांचे देऊ नका.

एएम४ मध्ये आज दुकानात तीन चिपसेट भेटतील. ए५२० आणि बी५५० हे २०२० चे, बी४५० हा २०१८ चा. ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) नाही, पण तुम्हाला ते करायचंही नाही. ते वगळा. खरा फरक पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि एनव्हीएमई जोडायची वाट) पिढीचा. ए५२० आणि बी४५० तिसऱ्या पिढीवर थांबतात. बी५५० वर ग्राफिक्सचा मुख्य स्लॉट आणि पहिला एम.टू स्लॉट (एनव्हीएमई बसते तो) चौथ्या पिढीचा.

पण इथे एक मेख आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. ५६००जी हा प्रोसेसर स्वतःच तिसऱ्या पिढीचा आहे. बी५५० वर बसवला तरी तो तिसऱ्याच पिढीने चालतो. म्हणजे बी५५० चा हा गुण आज तुमच्या काहीच उपयोगाचा नाही. तो उपयोगी पडेल पुढे ५७००एक्ससारखा प्रोसेसर आणि वेगळं कार्ड घ्याल तेव्हा.

म्हणून चिपसेटच्या नावापेक्षा बोर्ड समोर ठेवून बघा. मी बघतो ते असं :

प्रोसेसरच्या डावीकडे-वरती जे चौकोनी काळे कॉइल आणि त्यांच्या बाजूला बारीक चिप असतात, तो भाग १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला देतो. त्याला व्हीआरएम म्हणतात. स्वस्त बोर्डावर या चिप उघड्या असतात, चांगल्यावर त्यांच्यावर ॲल्युमिनियमची पट्टी असते. ६५ वॉटच्या ५६००जीला उघडा व्हीआरएमही चालतो, माझ्याकडे असे बोर्ड पाच वर्षं चालून आलेत. पण उन्हाळ्यात कराडला पारा चाळिशीकडे जातो, कॅबिनेटला एकच पंखा, आणि पुढे ८ कोअरचा प्रोसेसर बसवायचा असेल तर पट्टीवाला घ्या.

मग बोर्डाची रुंदी. मायक्रो-एटीएक्सचा पूर्ण आकार २४.४ सेंटिमीटर चौरस. काही स्वस्त बोर्ड रुंदीला कमी कापलेले असतात, उजव्या कडेला स्क्रूची भोकंच नसतात. २४ पिनांची जाड केबल नेमकी त्या अधांतरी कडेवर दाबून बसवायची असते. बोर्ड वाकतो. वाकल्याने आतला ट्रॅक तुटलेले बोर्ड माझ्याकडे महिन्याला येतात, आणि ते दुरुस्त होणं नशिबावर असतं.

मागची पोर्ट मोजा. पंख्यांसाठी हेडर (केबल लावायच्या पिना) किती ते बघा, खालच्या बोर्डांवर प्रोसेसरचा सोडून एकच असतो.

बाकी ऑडिओ, लॅन या किमतीत सगळीकडे सारखंच.

---

मुळशीकर | रवि, ८ जून, रात्री ८:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). चुकून दोनदा आला होता.

---

कृष्णाकाठ | रवि, ८ जून, रात्री ९:३०

सोल्डरगन, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. प्रिंट काढून लेकीला वाचायला दिलंय. तिची शंका : इंटेलचा आय५-१२४०० का नको? तिच्या वर्गात दोघांनी तोच घेतलाय. आणि वायफायचं काय, राउटर बाहेरच्या खोलीत आहे.

---

शून्यप्रहर | रवि, ८ जून, रात्री १०:१५

तिची शंका रास्त आहे. १२४०० हा उत्तम प्रोसेसर. कंपायलिंगमध्ये (लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणं) ५६००जीच्या पुढे आहे, आणि मोबाइलवर काढलेले व्हिडिओ एडिट करायला त्याचं क्विकसिंक (व्हिडिओचं काम झपाट्याने करणारी सोय) फार उपयोगी. प्रश्न बोर्डाचा येतो. त्याचा स्वस्त बोर्ड म्हणजे एच६१०. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट, चिपसेटची मर्यादाच ती. ग्राफिक्सचा स्लॉट चौथ्या पिढीचा मिळतो, पण एनव्हीएमई तिसऱ्या पिढीवर. चार स्लॉट हवेत तर बी६६० किंवा बी७६० कडे जावं लागतं, तिथे बजेट ओलांडतं.

आणि इंटेलच्या या बोर्डांत एक धोका आहे. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ चाही येतो आणि डीडीआर५ चाही. नावाच्या शेपटात 'डी४' किंवा 'डीडीआर४' असतं तेवढंच. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची आणली तर बसतच नाही. ऑनलाइन मागवताना हे शेपूट दोनदा वाचा.

---

दर्याकाठी | सोम, ९ जून, सकाळी ७:२०

आमच्याकडचं एक सांगते. मी गुहागर तालुक्यात राहते. यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि पहिल्याच आठवड्यात विजांनी आमच्या वाडीतली तीन मशीन गेली. तिन्हींचं लॅन पोर्ट जळलं. यूपीएस तिघांकडेही होतं. वीज तारेतून आली नाही, इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून आली. खांबावरून थेट घरात ओढलेली केबल, ती सरळ बोर्डात. एकाचं नुसतं पोर्ट गेलं, दोघांचा अख्खा बोर्ड. वॉरंटीत विचारलं तर जळका डाग दिसतो म्हणून नाही म्हणाले.

तेव्हापासून मी पावसाळ्यात लॅनची केबल लावतच नाही. वायफायवर चालवते. म्हणून सर, बोर्डावरच वायफाय असलेला मिळाला तर दोन गोष्टी साधतील. फायबर घरापर्यंत आलं असेल तर काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याला वीज लागतेच, त्याचा ॲडॅप्टर यूपीएसवर घ्या.

दमट हवेचंही बघा. आमच्याकडे बोर्डावर हिरवट थर धरतो. कराडला तेवढा त्रास नसेल.

---

सोल्डरगन | सोम, ९ जून, सकाळी ११:००

दर्याकाठी ताईंनी लिहिलेलं शंभर टक्के खरं आहे. जून-जुलैत माझ्या टेबलावर येणाऱ्या बोर्डांत लॅनवाटे जळालेले सर्वात जास्त.

त्याला जोडून अर्थिंग. मल्टिमीटर एसीवर ठेवून प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोजा. २-३ व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर आधी वायरमन बोलवा, मग मशीन आणा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, ते हेच. आणि कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस घेऊ नका. दुसऱ्या कोटेशनमधली माझी सर्वात मोठी हरकत तीच आहे. बोर्डावरचे साडेतीन-चार हजार वाचवले तरी चालतील, एसएमपीएसवरचे वाचवू नका. तो गेला की एकटा जात नाही, बोर्डही घेऊन जातो.

---

लॅमिंग्टनकर | सोम, ९ जून, दुपारी ३:४०

आता नेमकी नावं घेऊ, म्हणजे सरांना दुकानात विचारता येईल.

काटकसर करायची असेल तर एसुसचा प्राइम ए५२०एम-के. दोन रॅम-स्लॉट, एक एम.टू, चार साटा, व्हीजीए आणि एचडीएमआय. ५ हजारांच्या आसपास. साधा, सरळ बोर्ड.

थोडं वर जायचं तर एमएसआयचा बी५५०एम प्रो-व्हीडीएच वायफाय. चार रॅम-स्लॉट, दोन एम.टू, व्हीजीए-एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट तिन्ही, व्हीआरएमवर पट्टी, वायफाय बोर्डावरच. तुमचा जुना मॉनिटर व्हीजीएचा आहे, तो सरळ लागेल. बऱ्याच बी५५० बोर्डांवर व्हीजीए नसतं, तेव्हा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. शिवाय मागे बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅश करायचं, म्हणजे नवं भरायचं, बटण आहे.

त्या बटणाचं महत्त्व सांगतो. एएम४ वर इतक्या पिढ्या बसतात की दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचं बायोस जुनं असेल तर नवा प्रोसेसर तो ओळखतच नाही. बायोस बदलायला मशीन चालू व्हायला हवं, आणि मशीन चालू व्हायला बायोस बदलायला हवं. हे बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेन-ड्राइव्हवरून बायोस भरता येतं. बी४५० घ्यायचा विचार असेल तर खोक्यावर 'रायझेन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर आहे का ते बघाच.

खरेदीचं म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला यायची गरज नाही, पुण्यातही याच भावात मिळेल. फक्त २० ते २२ जूनला पुण्यात खरेदीला जाऊ नका. दोन्ही पालख्या मुक्कामी असतात, मध्यवस्तीतले रस्ते बंद.

---

रातकिडा | सोम, ९ जून, दुपारी ४:३०

बी५५० ला माझंही अनुमोदन. पण एक विचारतो : ५६००जीवर ए५२० आणि बी५५० चा वेग सारखाच असेल तर ते ४ हजार वाचवून १ टीबी एसएसडी का घेऊ नये? प्रोसेसर पुढे बदलतीलच याची खात्री काय? माझ्या ओळखीत दहांतले आठ जण बोर्डात काही न घालता तसाच विकतात.

---

शून्यप्रहर | सोम, ९ जून, संध्याकाळी ७:१०

प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे त्याला सरसकट उत्तर नाही. घरी बिलिंगला, ऑनलाइन शिकवणीला मशीन असतं तर मीही ए५२० म्हटलं असतं. इथे दुसऱ्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलगी आहे. ३२ जीबीची गरज दीड वर्षात येणार हे मला माझ्या ज्युनियर मुलींवरून माहीत आहे. वायफाय आणि व्हीजीए तिला पहिल्या दिवसापासून लागणार आहेत, चार स्लॉट पुढे. ए५२० वर वायफायचा डोंगल वेगळा घ्याल, पुढे रॅम फेकून नवी घ्याल, तिथे ते ४ हजार परत जातातच. एसएसडी मात्र नंतर दुसऱ्या एम.टू स्लॉटमध्ये वाढवता येते.

---

रातकिडा | सोम, ९ जून, संध्याकाळी ७:३५

हे पटलं.

---

अवलिया७ | मंगळ, १० जून, सकाळी १०:२०

दुकानातून निघण्याआधी : बिल जीएसटीचं घ्या आणि बोर्डाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. बोर्डाला बहुतेक कंपन्या ३ वर्षं वॉरंटी देतात, पण बिल आणि नंबर जुळले तरच. इंटेलचा बोर्ड घेणार असाल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण दुकानातच उघडून पिना बघा, नंतर वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. झाकण टाकून देऊ नका. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, तिथे प्रोसेसर धरताना जपा.

---

कृष्णाकाठ | रवि, १५ जून, रात्री १०:४५

मंडळी, खरेदी झाली. काल लेकीला घेऊन पुण्याला गेलो.

५६००जी ११,९००. लॅमिंग्टनकरांनी सांगितलेला बी५५०एम वायफायवाला ९,४००. ८+८ रॅम ३,३००. ५०० जीबी एनव्हीएमई ३,१००. ५५० वॉटचा एसएमपीएस ३,९००. कॅबिनेट २,३००. यूपीएस ३,२००. एकूण ३७,१००. दोन हजारांनी मर्यादा ओलांडली, पण दर वेळी कुठला रुपया कशासाठी जातोय ते आम्हा दोघांना माहीत होतं.

निघण्याआधी घरच्या प्लगचं अर्थिंग मोजलं. ११ व्होल्ट भरलं. वायरमन आला, परसातला खड्डा कोरडा पडला होता. पाणी, मीठ, कोळसा घालून आता दीड व्होल्टवर आहे. या घरात पंधरा वर्षं राहतोय आणि हे कधी तपासलं नव्हतं.

जोडणी आज लेकीनेच केली, मी स्क्रू दिले. कॅबिनेटच्या पाठीला पितळी टेकू किती हवेत ते तिने बोर्डाची भोकं मोजून लावले. एक टेकू जास्तीचा आधीपासून बसवलेला होता, बोर्डाच्या भोकाखाली न येणारा. तो तिने काढला. मी विचारलं, राहिला असता तर? म्हणाली, बोर्डाला मागून टेकून शॉर्ट झाला असता.

दुसऱ्या फटक्यात स्क्रीन आली. पहिल्यांदा प्रोसेसरची ८ पिनांची केबल राहिली होती.

आता एकच अडलंय. अँड्रॉइड स्टुडिओ झटकन उघडतो, पण एम्युलेटर चालूच होत नाही. व्हर्च्युअलायझेशनबद्दल काहीतरी संदेश येतो. आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २६६६ दिसतो, घेतली तर ३२०० ची आहे. बोर्डात दोष आहे का?

---

शून्यप्रहर | रवि, १५ जून, रात्री ११:०५

दोष नाही. दोन्ही गोष्टी बायोसमध्ये बंद असतात, आपण चालू करायच्या. मशीन सुरू होताना डिलीट दाबत राहा. ओसी विभागात ए-एक्सएमपी चालू करा, रॅम ३२०० वर जाईल. त्याच विभागात खाली सीपीयू फीचर्समध्ये 'एसव्हीएम मोड' (एएमडीचं व्हर्च्युअलायझेशन) आहे, तो इनेबल करा. एफ१० दाबून सेव्ह.

मग टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'व्हर्च्युअलायझेशन : इनेबल्ड' दिसलं पाहिजे.

---

कृष्णाकाठ | रवि, १५ जून, रात्री ११:४०

दिसलं. रॅम ३२०० झाली, एम्युलेटर सुरू झाला. त्यात तिचं पहिल्या वर्षाचं हजेरीचं ॲप चालू केलंय, जे आजवर तिने फक्त मैत्रिणीच्या फोनवर चाललेलं पाहिलं होतं. आता ती उठायला तयार नाही.

---

सोल्डरगन | सोम, १६ जून, सकाळी ९:१०

फार बरं वाटलं सर. बिल आणि बोर्डाच्या खोक्यावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, बिलावरची शाई दोन वर्षांत उडते. खोकं माळ्यावर टाकू नका, उंदीर लागतात. आणि तिला सांगा, जास्तीचा टेकू बघून काढणारी मुलं मला दुकानात शिकायला मिळत नाहीत. सुट्टीत पुण्याला आली तर टेबलावर बसू दे दोन दिवस, मायक्रोस्कोपखाली बोर्ड दाखवतो.

---

कृष्णाकाठ | सोम, १६ जून, सकाळी ९:५५

तिने दिवाळीची सुट्टी आत्ताच मोजून ठेवली आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.